मास्तरांनी म्यान कुठे कुठे बांधलं

आमच्या सासऱ्यांना अख्खी गल्ली मास्तर म्हणते, कारण ते शिंपी आहेत. शाळेतल्या मास्तरांशी त्यांचा संबंध चौथीपर्यंतच आला आणि तो दोन्ही बाजूंना फारसा सुखाचा झाला नाही, असं सासूबाई सांगतात. पण माप घेण्यात मास्तरांचा हात धरणारा कुणी नाही. गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढतंय तोवर यांनी डोळ्यांनी त्याची कंबर मोजलेली असते. घरी पाहुणा आला, की "या, बसा" म्हणायच्या आधी "डावा खांदा उतरलाय हो तुमचा" म्हणतात. लग्न ठरायच्या आधी मी पहिल्यांदा यांच्या घरी गेले, तेव्हा मला वाटलं, नोकरीचं विचारतील, शिक्षणाचं विचारतील. यांनी मान तिरकी करून मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "उंची चांगली आहे. कापड जास्त लागेल." मी तेव्हाच उठून चालू लागायला हवं होतं. नाही लागले. आता भोगतेय.

मास्तरांचं म्हणणं असं, की अंगावरची वस्तू बोलते. कुणी जुना सदरा अल्टर करायला आणला, की ते तो उजेडात धरून त्याची कुंडली मांडतात. "कोपर झिजलंय. म्हणजे हा टेबलावर रेलून बसतो, काम करत नाही. उजवा खिसा फाटलाय. किल्ल्या बाळगतो, म्हणजे घरच्यांवर विश्वास नाही." गिऱ्हाईक समोर उभं असतं बरं का! आणि पंचाईत अशी, की निम्म्या वेळा ते बरोबर असतं. निम्म्या वेळा बरोबर निघणाऱ्या माणसाला उरलेल्या निम्म्याचं कोण सांगणार? सासूबाई सांगायच्या. आता त्याही थकल्या.

तर दुकानात मशीनच्या वर, आरशाशेजारी, एका खिळ्याला म्यान टांगलेलं असायचं. तलवारीचं नाही, सुरीचं. वीतभर आणि वर चार बोटं. आत लाकूड, वर काळपट चामडं, तोंडाशी पितळेची पट्टी आणि टोकाला पितळेची टोपी. मागच्या बाजूला वर चामड्याचा एक फासा होता, पट्टा ओवायला. आणि खालच्या कडेला आणखी एक छोटा फासा होता, तो कशाला ते कुणालाच ठाऊक नव्हतं. आत सुरी नव्हती. सुरी थोरल्यांकडे होती.

थोरले म्हणजे मास्तरांचे मोठे भाऊ. पुस्तकं बांधायचं काम करतात, वडीलही तेच करायचे. वाटणीच्या वेळी वडिलांनी सांगितलं, "ही आपल्या पणजोबांची जोडी. थोरल्याला सुरी, धाकट्याला म्यान." असं का, ते विचारायची दोघांचीही हिंमत झाली नाही. वडील गेल्यावर मास्तर म्हणाले, "दादा, जोडी फोडू नये. सुरी म्यानात आण." थोरले म्हणाले, "सुरी मुख्य. म्यान तिचं पांघरूण. पांघरूण माणसाकडे येतं, माणूस पांघरुणाकडे जात नाही." झालं! जन्मभर कपडे शिवलेल्या माणसाला हे शब्द जिव्हारी लागले. "कपड्याला पांघरूण म्हणतो? ह्याच्याशी मी बोलणार नाही." आणि खरंच नाही बोलले. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. आमच्याकडे एकच सुरी आणि एकच म्यान होतं, तरी जमेना.

एकाचं घर गल्लीच्या या टोकाला, दुसऱ्याचं त्या टोकाला. समोरून येताना दिसले, की दोघंही एकदम चपलेचा अंगठा बघायला लागायचे. मी लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, या घराण्यात चपला लवकर तुटतात.

यात खरी माती झाली ती बायकांची. सासूबाई आणि थोरल्यांची बायको या सख्ख्या बहिणी आहेत. दोन भावांना दोन बहिणी दिलेल्या. थोरलीला मी मावशीच म्हणते. नवऱ्यांनी एकमेकांचा उंबरठा वर्ज्य केला, म्हणून यांनाही करावा लागला. मग या दोघींनी डोकं लढवलं. दर मंगळवारी दोघींना बरं वाटेनासं व्हायचं. एकीचं डोकं जड, दुसरीचे पाय जड. दोघी दवाखान्यात जायच्या आणि बाकावर शेजारी शेजारी बसून मनसोक्त बोलायच्या. तब्येती म्हणाल तर दोघींच्या ठणठणीत. कंपाउंडरसुद्धा हुशार, "तुमचं झालं की सांगा, मग प्रेशर बघतो," म्हणायचा. सुनांची उणीदुणी, नवऱ्यांची गाऱ्हाणी, सगळं त्या बाकावर. मला हे कळलं तेव्हा मी म्हटलं, "आई, माझीही उणीदुणी तिथेच काढता का?" तर म्हणाल्या, "तुझ्यासाठी दुसरा दवाखाना बघावा लागेल, एवढं आहे."

असं चाललं होतं. मग एका मंगळवारी सासूबाई परत आल्या आणि आमटीत मीठच घालायला विसरल्या. जेवणं झाल्यावर त्यांनी सांगितलं, थोरल्यांचे हात हल्ली थरथरतात, काम होत नाही. त्यांची मुलगी लांबच्या शहरात असते, तिनं दोघांना कायमचं बोलावून घेतलंय. महिनाभरात घर रिकामं करून जाणार.

"मग?" मी म्हटलं.

"मग काय? ताई गेली, की मी कुणाबरोबर आजारी पडू?" असं म्हणून त्या भांडी घासायला बसल्या. धुतलेलीच भांडी पुन्हा घासत होत्या.

माझ्या डोक्यात किडा वळवळला तो तेव्हा. मी संग्रहालयात तिकीट खिडकीवर बसते. आमच्या संग्रहालयाच्या बाई त्या वेळी घरोघरच्या जुन्या वस्तूंचं प्रदर्शन मांडत होत्या. मी त्यांना म्यानाचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "आणा की. पण ते कुठलं आहे आणि अंगावर कसं बांधायचे, तेवढं मला लिहिता आलं पाहिजे. नाहीतर काचेत चामड्याचा तुकडा ठेवून लोक काय बघणार?" मी मनात म्हटलं, छान. हे शोधायचं तर सुरी लागणार. सुरी लागणार, तर थोरल्यांकडे जावं लागणार. भाऊ भाऊ बोलतील, उंबरठे मोकळे होतील, निदान जायच्या आधी बहिणी एकमेकींच्या घरी जातील. काय पण अक्कल माझी!

मी मास्तरांना प्रदर्शनाचं सांगितलं, तर त्यांना सुरीची आठवणसुद्धा झाली नाही. त्यांनी म्यान खिळ्यावरून काढलं, फडक्यानं पुसलं आणि जाहीर केलं, "अंगावर घातल्याशिवाय कपडा कळत नाही. मी बांधून बघतो."

त्याआधी त्यांनी म्यानाची कुंडली मांडली. दर्शनी बाजूला चामडं एका ठिकाणी आरशासारखं चकचकीत झालं होतं. "ही बघ चकाकी. मांडीवर घासून घासून आलीय. कुणाची मांडी सारखी हलते? घोड्यावर बसणाऱ्याची. पणजोबा घोडदळात होते." टोकापाशी चामड्यात बारीक खळगे होते, ओळीनं. "हे दात आहेत. लांडग्याचे. झोपेत हल्ला झाला असणार. म्यान मध्ये घातलं म्हणून वाचले." सासूबाई म्हणाल्या, "लांडगा एवढासा होता का? उंदराएवढा?" "पिल्लू असेल," मास्तर म्हणाले. त्यांना कोण हरवणार?

पहिला प्रयोग डाव्या कमरेवर झाला. रुंद पट्टा शिवला, म्यान अडकवलं, दिवसभर तसेच दुकानात वावरले. गिऱ्हाइकाची छाती मोजायला जवळ गेले, की म्यानाचं टोक त्याच्या पोटात. एक जाडजूड गृहस्थ दचकून मागे सरकले आणि इस्त्रीच्या टेबलावर बसले. नशीब, इस्त्री गार होती. मास्तर त्यांना शांतपणे म्हणाले, "घाबरू नका, रिकामं आहे." त्यावर ते गृहस्थ म्हणाले, "मग बांधलंय कशाला?"

मग पोटरी. घोडेस्वार पोटरीला बांधत असणार, असं त्यांच्या मनानं घेतलं. त्यासाठी विजारीचा एक पाय मोठा करून घेतला. एक पाय पिशवीसारखा, एक नेहमीचा. चालताना म्यान घसरून घोट्यावर यायचं, मग ते थांबून ओढून वर घ्यायचे. भाजीवालीनं मला विचारलं, "मास्तरांचा पाय मुरगळला का ग?" मी म्हटलं, "पाय नाही, डोकं."

तिसऱ्या खेपेला त्यांनी ते छातीवर उलटं बांधलं. तोंड खाली. "हात इथे नेला, की मूठ थेट हातात. विजेसारखी सुरी बाहेर!" सासूबाई म्हणाल्या, "आणि नुसतं वाकलात, की विजेसारखी पायात." मास्तर चिडले. घट्ट बसतं की नाही ते दाखवायला त्यांनी आत शिवणाचे खडू भरले आणि मुद्दाम वाकले. दोन खडू शेजारच्या घड्याळजीच्या चहात पडले. घड्याळजी बिचारे कप तसाच ठेवून निघून गेले. आमचं घड्याळ अजून त्यांच्याकडून दुरुस्त होऊन आलेलं नाही.

शेवटी पाठीमागे, कमरेवर आडवं. हे मात्र त्यांना मुळीच पटलं नाही. मागे टेकता येईना, स्टुलावर बसलं की बरगडीत टोचायचं. दिवसभर ताठ बसून मशीन चालवलं. सासूबाई लांबून बघत होत्या, "लग्नात इतके ताठ बसले असते, तर फोटो बरे आले असते." संध्याकाळी मास्तरांनी ते काढून टेबलावर आपटलं. "पाठीवर कुणीही बांधणार नाही. शक्यच नाही. डावी कंबर, घोडा, विषय संपला."

मी त्यांना म्यानासकट संग्रहालयात नेलं. बाईंनी भिंग लावून सगळं बघितलं, मास्तरांचं घोडदळ आणि लांडगा दोन्ही मन लावून ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "याची सुरी कुठे आहे?"

"हरवली," मास्तर म्हणाले.

"हरवली नाही," मी म्हटलं, "गल्लीच्या दुसऱ्या टोकाला आहे." मास्तरांनी माझ्याकडे असं बघितलं, की त्या क्षणी मला त्यांनी साधा रुमालही शिवून दिला नसता.

बाई म्हणाल्या, "सुरी आत बसवून बघितल्याशिवाय धार कुठल्या बाजूला यायची ते कळणार नाही. आणि त्याशिवाय ती कुठल्या हातानं ओढायचे, हेही नाही. तुमचं म्हणणं खरं असेल, मास्तर. पण सुरीशिवाय मी लिहिणार नाही."

आता आली का पंचाईत! घराच्या दाराशी येऊन मास्तर म्हणाले, "त्याला सांग, सुरी पाठव." मी गेले. थोरल्यांच्या घरात खोकी भरायचं काम चाललं होतं. मावशीनं मला बघून डोळे मोठे केले, पाणी दिलं. थोरले खुर्चीत बसून सुरीला तेल लावत होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "त्याला सांग, म्यान इकडे पाठव. सुरी कुणाच्या दारात जात नाही."

मी परत. मास्तर म्हणाले, "सुरी म्यानात येते. म्यान सुरीकडे गेलेलं कुणी बघितलंय?" मी पुन्हा तिकडे. थोरले म्हणाले, "मी थोरला आहे." मी पुन्हा इकडे. मास्तर म्हणाले, "ते मला लहानपणापासून माहितेय." भर उन्हात ही गल्ली मी इतक्यांदा चालले, की शेवटी दोघांनाही सांगितलं, "माझ्याच्यानं आता होणार नाही. दोघंही संग्रहालयात या. तिथे कुणाचाच उंबरठा नाही, तिकीट मी फाडते, त्यामुळे आधी कोण आत जाणार ते मी ठरवीन." दोघंही "बघू" म्हणाले. बघू म्हणजे नाही, हे मला कळतं.

तेव्हा सासूबाई उठल्या. मास्तरांसमोर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "अहो, तुम्ही आला नाहीत, तर या मंगळवारी मी खरंच आजारी पडेन. आणि बरी होणार नाही." मास्तरांनी पट्टी गळ्यात घातली आणि चपला शोधायला लागले. तिकडे मावशीनं काय सांगितलं, ते मला कधी कळलं नाही, पण थोरलेही आले. सुरी वर्तमानपत्रात गुंडाळून आणली होती.

बाईंच्या खोलीत लांब टेबलाच्या या टोकाला मास्तर, त्या टोकाला थोरले. बहिणी भिंतीशी बाकावर. मी दाराशी, कुणी पळून जाऊ नये म्हणून.

"बाई, यांना सांगा, सुरीला हात लावायच्या आधी हात पुसा म्हणावं," थोरले म्हणाले.

"बाई, त्यांना सांगा, म्यान मी तुमच्या हातात देतोय, त्यांच्या नाही," मास्तर म्हणाले.

"मी कुणालाच काही सांगत नाही," बाई म्हणाल्या आणि दोन्ही वस्तू ओढून घेतल्या. सुरी सरळ, रुंद पात्याची होती. त्यांनी तिचं टोक म्यानाच्या तोंडात घातलं. ती दोन बोटं आत गेली आणि अडकली. त्यांनी बाहेर काढून उलटी केली, पुन्हा घातली. दोन बोटं. पातं रुंद आणि म्यान अरुंद. जोर करायचीही सोय नव्हती, कारण जोर करून ते बसणारं नव्हतंच.

"ही सुरी या म्यानातली नाही," बाई म्हणाल्या. "कधीच नव्हती."

मास्तर उठले. गळ्यातली पट्टी काढली, म्यानाचं तोंड मोजलं. मग सुरीचं पातं मोजलं, जिथे सगळ्यात रुंद होतं तिथे. मग पुन्हा पहिल्यापासून दोन्ही मोजलं. येणाऱ्याजाणाऱ्याची कंबर नुसत्या नजरेनं ओळखणारा माणूस, आणि घरातल्या या एका वस्तूला जन्मात पट्टी लावली नव्हती. पट्टी हातात तशीच धरून ते थोरल्यांकडे वळले.

"दादा, बसत नाही रे."

"दिसतंय मला."

"मग बाबा जोडी म्हणाले ते?"

"फसवलं म्हाताऱ्यानं," थोरले म्हणाले. "दोघांनाही."

"तुला माहीत होतं?"

"मला कसं माहीत असणार, बारक्या? सुरी कायम दुकानात, कागद कापायला. म्यान कायम घरी, आरशापाशी. कामाची सुरी म्यानात घालून बघायला वेळ होता कुणाला?"

बारक्या! हे नाव मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. बाकावर सासूबाईंनी मावशीचा हात इतका घट्ट धरला, की मावशी "अग, मोडशील," म्हणाली.

बाई हळूच म्हणाल्या, "सुरी राहू द्या बाजूला. म्यानाचं तरी बघू." तेवढी संधी मास्तरांना पुरे. ते लगेच चकाकी दाखवायला धावले. मांडी, घोडा, घोडदळ. थोरले आधी नुसते बघत राहिले, मग हसायला लागले. आधी आवाज न करता, मग खांदे हलवत, मग डोळ्यांतून पाणी काढत.

"घोडा? अरे, बाबा रोज सकाळी वस्तरा घासायचे त्यावर! आरशापाशी काय उगाच टांगलं होतं? इकडून चार वेळा, तिकडून चार वेळा, मग दाढी. तू तेव्हा झोपलेला असायचास."

मास्तरांचा चेहरा पडला. तरी त्यांनी टोकाकडचे खळगे पुढे केले. "आणि हे? हे दात नाहीत?"

"दातच आहेत की. तुझे आहेत."

"माझे?"

"तुला दात येत होते, तेव्हा तू घर डोक्यावर घ्यायचास. आई म्यान हातात द्यायची. चावत बसायचास पाटावर. मी ओढून घेतलं, की असा बोंबलायचास, की मला मार बसायचा. लांडगा म्हणे!"

मास्तर म्यान डोळ्यांजवळ धरून ते खळगे बघत राहिले. मग त्यांनी ते हळूच अंगठ्यानं चाचपले. मला माझ्या सासऱ्यांची पहिल्यांदाच दया आली, आणि खरं सांगते, थोडं हसूही आलं.

बाईंनी मात्र वहीत भराभर लिहून घेतलं. "फार बरं झालं हे सांगितलंत. तुमच्या घरानं केलेल्या खुणा बाजूला काढल्या, की जुन्या उरतात." त्यांनी म्यान उलटं केलं. मागच्या बाजूला, मास्तरांनी कधी नीट बघितलंच नव्हतं तिथे, चामडं आडव्या पट्ट्यासारखं दबलं होतं, मुख्य फाशापासून छोट्या फाशापर्यंत. "हे आडवं बांधलेलं आहे. वरच्या फाशात पट्टा, खालच्यात दोरी, म्हणजे हलायला नको. पितळ सगळीकडे, लोखंडाचा खिळासुद्धा नाही. लोखंड खारट हवेत टिकत नाही. लाकूडही हलकं, होड्यांना वापरतात त्यातलं. हे किनाऱ्यावरचं आहे. कोळी वापरायचे, जाळं अडकलं की दोर कापायला. पाठीमागे कमरेवर, तोंड उजव्या हाताकडे."

"पण पाठीवर बांधून बसताच येत नाही!" मास्तर ओरडले. "मी बसून बघितलंय!"

"बसायचंय कुणाला, मास्तर? दिवसभर वाकून जाळं ओढणाऱ्या माणसाचं आहे हे. पुढे बांधलं असतं तर पोटात गेलं असतं, बाजूला असतं तर दोरात अडकलं असतं."

घोडदळातून एकदम पाण्यात पडलेल्या माणसाचा चेहरा कसा होतो, ते मी त्या दिवशी बघितलं. थोरले म्हणाले, "म्हणजे आपले पणजोबा कोळी होते?" मास्तर म्हणाले, "किंवा म्यान बाजारातून उचललं असेल." "म्हणजे माझी सुरी तरी खरी पणजोबांची." "कशावरून? तीही बाजारातलीच असेल! त्याच दिवशी घेतली असेल!" "तू गप्प बस, तुला काय कळतंय सुरीतलं?" "आणि तुला म्यानातलं काय कळत होतं? पांघरूण म्हणे!" "पांघरूणच आहे!" दोघं टेबलाच्या एकाच बाजूला येऊन, नाकाला नाक लावून भांडत होते. बाहेरून शिपाई डोकावला आणि "आवाज" म्हणाला. त्याच्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही.

"भांडतायत ग, ताई," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा नुसता फुलला होता.

"भांडू देत," मावशी म्हणाली. "आपण बसू."

म्यान बाईंकडे ठेवून आम्ही निघालो. भाऊ पुढे, हातवारे करत, बाबांना दूषणं देत. गल्लीच्या तोंडाशी आधी थोरल्यांचं घर लागतं. थोरले बोलण्याच्या नादात दार उघडून आत गेले, मास्तर बोलण्याच्या नादात त्यांच्या मागे आत गेले. आपण कुठे आलोय हे त्यांना बसल्यावर कळलं असावं. मावशी आत जाऊन पुन्हा दाराशी आली. सासूबाई पायरीवर थांबल्या होत्या.

"ये ना ग," मावशी म्हणाली.

सासूबाई आत आल्या. निम्मं सामान खोक्यांत गेलेलं, भिंतींवर फोटोंच्या जागी फिकट चौकोन. त्या चहूकडे बघत राहिल्या. मग घसा खाकरून म्हणाल्या, "ताई, तहान लागलीय. पाणी कुठे असतं ग तुझ्याकडे?"

आणि बोलता बोलता थांबल्या. मी समोरच होते, मला दिसलं. त्या वळल्या आणि दोघा भावांसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"सख्ख्या बहिणीच्या घरात मला पाणी कुठे आहे ते विचारावं लागतंय. कळतंय का तुम्हाला? हिच्या मुलीचं बाळंतपण या घरात झालं, मी दवाखान्याच्या बाकावर बसून ऐकलं. हिचा हात मोडला, तेव्हा हिला शेजारीण भात करून घालत होती आणि मी गल्लीच्या टोकाला माझ्या घरात भाकऱ्या थापत होते. या भाऊजींना ताप आला, तुम्ही रात्रभर खिडकीत उभे होतात, मला माहीत नाही का? पण गेला नाहीत. आणि मला जाऊ दिलं नाहीत. कशासाठी? बसत नाही त्या म्यानासाठी! आणि आता घर आवरायला काढलं, तेव्हा माझ्यासाठी दार उघडलं."

मास्तर पट्टी बोटांना गुंडाळत होते, सोडत होते, पुन्हा गुंडाळत होते. थोरले जमिनीकडे बघून म्हणाले, "चुकलं."

"चुकलं म्हणून काय होतंय, भाऊजी? तुम्ही खुशाल जा मुलीकडे. ताई लगेच येणार नाही. ती आधी माझ्याकडे राहील. किती दिवस, ते आम्ही दोघी ठरवू."

"आणि मी तिथे एकटा काय करू?" थोरले म्हणाले.

"मग तूही ये," मास्तर म्हणाले. आवाज एवढा बारीक, की थोरल्यांना पुन्हा विचारावं लागलं.

तोवर मावशी आतून पाण्याचा पेला भरून घेऊन आली होती. तिचे डोळे वाहत होते. तिनं पेला पुढे केला. सासूबाईंनी तो घेतला नाही.

"हातात देऊ नकोस ग," त्या म्हणाल्या. "कुठे ठेवतेस ते दाखव."

मग दोघी खोक्यांच्या मधून वाट काढत स्वयंपाकघरात गेल्या.